हिरव्या बाजूचे बारा बिल्ले

ता. ३ नोव्हेंबर

चि. बदकास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या. बोटीवर नोकरी लागली, पाहुण्यांना पाण्याखाली मासे दाखवायला न्यायचं, जेवणखाण चांगलं, काळजी करू नकोस. काळजी करू नकोस म्हणजे काय ग? श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखंच आहे ते.

पाण्याखाली माणूस पाठीवर हवेची टाकी घेऊन जातो म्हणतात. ती टाकी कोण भरतं? काटा कोण बघतं? एकतीस वर्षं मी बॉयलरवर काढली आहेत. कोंडलेली हवा म्हणजे काय चीज असते, ते मला कुणी शिकवू नये. काटा लाल रेषेला टेकला तरी शेजारी बसून विडी ओढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाच्या भुवया परत उगवल्या नाहीत. तेव्हा भरणाऱ्याचं तोंड बघून घे. विडी ओढणारा असेल तर त्याच्या हातची टाकी घेऊ नकोस.

खाली सायकलवाला राहतो, त्याला शार्कबद्दल विचारलं. तो म्हणाला, "काका, त्या बाजूचे शार्क माणसाला हात लावत नाहीत." मी म्हटलं, "तुला त्यांनी तसं लिहून दिलंय का?" तर हसला. हसायला काय, त्याची भाची पाण्यात नाही.

फोन करू नकोस. डावा कान बॉयलरने नेला, उजवा अर्धा उरलाय, फोनवर सगळी माणसं गुळण्या करताना ऐकू येतात. पत्रच लिही. मी चौथी पास आहे, पण तुझं अक्षर लागतं मला. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझ्या वह्या मीच तपासल्यात, बरोबर-चूक कळत नसलं तरी.

तुझा मामा

*

ता. १९ नोव्हेंबर

मामा,

टाकी भरणारा विडी ओढत नाही. तपासलं. आता झोप.

आमची बोट म्हणजे पाण्यावरचं दोन मजली घरच आहे. बारा पाहुणे, सहा खोल्या, आम्ही सातजण. दहा दिवस फिरायचं, मग बंदरात येऊन पाहुणे उतरवायचे, नवे घ्यायचे. पत्रं तेव्हाच जातात आणि येतात. मधल्या दहा दिवसांत माणूस दिसत नाही. नुसती प्रवाळबेटं. वरून बघितलं तर पाण्यात कुणाची तरी बांगडी पडल्यासारखी दिसतात. कडेला गोल प्रवाळ, आत उथळ, हिरवं, शांत पाणी, आणि बांगडीच्या बाहेर पाऊल टाकलं की तळ नाहीच. काही पाहुणे टाकी घेऊन खाली जातात, काही तोंडात नळी धरून वरच तरंगतात. मी दोघांकडेही असते.

पाण्याखाली तू एकदा तरी यायला हवं होतंस. तिथे दोन्ही कान असून काही ऐकू येत नाही, म्हणजे तुझं काही बिघडलं नसतं.

होडीवाला आहे एक. बोट बांगडीच्या आत जात नाही, म्हणून रबरी होडीतून पाहुण्यांना कडेपर्यंत नेणं-आणणं त्याचं काम. मी त्याला दादा म्हणते, तो मला मास्तरीण. कारण मी नियम फार सांगते. परत येताना तो प्रत्येकाच्या खांद्याला ओलं बोट लावून मोजतो. एका जाड्या पाहुण्याला म्हणाला, "तुम्हाला दोनदा मोजू का, होडीला तसंच वाटतंय." पाहुणा इतका हसला की पाण्यात पडला.

नियमाचंच सांगते. बोटीच्या मागच्या बाजूला शिडीपाशी एक फळी आहे. अर्धी लाल, अर्धी हिरवी. प्रत्येक पाहुण्याचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला लाल बाजूला टांगायचा, वर आलं की हिरव्या बाजूला. आणि आपला आपणच, आपल्या हाताने. सगळे बिल्ले हिरव्या बाजूला आल्याशिवाय बोट हलत नाही. साधी गोष्ट. पण पाहुणे वर येतात ते थेट सरबताकडे धावतात. मग मी त्यांना ओल्या अंगाने परत बोलावते. परवा एका बाईंनी कप्तानाकडे तक्रार केली, ही मुलगी आम्हाला शाळेतल्यासारखं वागवते. कप्तान साहेब म्हणाले, पाहुणे नाराज झाले तर सहा महिन्यांनी तुला कायम करणं अवघड जाईल. कायम झाले तर शिकवण्याचा परवाना मिळतो, मामा. नाही झाले तर पुन्हा तलावावर पोरांना पोहायला शिकवायचं.

तुझी बदक

*

ता. २ डिसेंबर

चि. बदकास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तळ नाही ते वाक्य लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

फळीचं वाचून गंमत वाटली. आमच्या कारखान्याच्या फाटकावर अगदी अशीच फळी होती. आत शिरताना आपला बिल्ला इकडून तिकडे टांगायचा, आणि पाटी लिहिलेली, दुसऱ्याचा बिल्ला हलवणाऱ्यास काढून टाकण्यात येईल. पाटी होती तशीच होती आणि आम्हीही होतो तसेच होतो. तुझी मामी दवाखान्यात होती तेव्हा बारा दिवस माझा बिल्ला फिटरने टांगला. त्याच्या पोराच्या परीक्षेला मी त्याचा टांगला. साहेबाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण त्यानेही डोळेझाक केली. त्याला माणुसकी म्हणतात. एकतीस वर्षांत त्यापायी काही बिघडलं नाही.

तेव्हा तू एवढी कायद्यावर बोट ठेवून राहू नकोस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आणि तू तर खरोखरच पाण्यात आहेस. दमलेल्या, ओल्या, वयस्कर माणसाचा बिल्ला तू टांगलास तर तुझा हात झिजणार आहे का? माणसं वर आलेली डोळ्यांना दिसतात ना? मग झालं. त्यांना सरबत पिऊ दे. सहा महिने नीट काढ. कायम हो. मग काय नियम सांगायचे ते सांग.

तलावावरच्या नोकरीत तुला खोकला व्हायचा तो माझ्या अजून कानात आहे. उजव्या.

तुझा मामा

*

ता. २१ डिसेंबर

मामा,

तुझं ऐकलं. या फेरीत मी कुणालाच हाक मारली नाही. माणसं वर येताना दिसली की मीच बाराच्या बारा बिल्ले हिरव्या बाजूला टांगते. एका मिनिटात काम. पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, म्हणाल्या, "पोरी, तुझ्यामुळे माझे गुडघे वाचले." कप्तान साहेबांनी पाहिलं. मला वाटलं रागावतील. तर म्हणाले, "असंच चालू दे. या वेळी एकही तक्रार नाही." बोटीच्या नोंदवहीत मात्र मी लिहायचं, पाहुण्यांनी स्वतः टांगले, असं बजावलं.

दादाने तेवढं नाक मुरडलं. म्हणाला, "मास्तरणीने शाळा सोडली वाटतं." मी म्हटलं, दादा, तू बोटं लावून मोजतोस ना, मग? तो म्हणाला, "माझं होडीतलं मोजणं. पोहत येऊन शिडीने परस्पर वर जाणारे मी कुठे मोजतो? त्यांच्यासाठी मी फळी बघतो."

आज मोठं कासव दिसलं. एवढं म्हातारं की पाठीवर शेवाळ. तुझ्यासारखं सावकाश, मान बाहेर काढून इकडे-तिकडे बघत, काळजी करत चाललेलं. कागदाच्या मागे काढून पाठवते. चौथा पाय राहिला, कारण दादा बंदरात निघालाय आणि पत्र त्याच्याबरोबर द्यायचंय.

तुझी बदक

*

ता. ६ जानेवारी

चि. बदकास आशीर्वाद.

कप्तान साहेबांचं वाक्य वाचून बरं वाटलं. सायकलवाल्यालाही वाचून दाखवलं. म्हाताऱ्याचं ऐकलं की असं होतं.

तुमच्या दादाला म्हणावं, फार बोलू नये. होडी चालवावी.

कासवाशी माझी तुलना केलीस ती मी मनावर घेत नाही. कासवं दोनशे वर्षं जगतात. कानात पाणी राहू देऊ नकोस. पोहून आल्यावर डोकं एका बाजूला करून उड्या मार.

तुझा मामा

*

ता. ४ फेब्रुवारी

चि. बदकास.

तुझं पत्र नाही. दोन फेऱ्या झाल्या असतील. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो, म्हणजे जिने चढायला नको. तब्येत बरी नाही का? कप्तान काही बोलला का? एक ओळ लिही. कार्डावर लिही. नुसतं "आहे" असं लिहिलंस तरी चालेल.

मामा

*

ता. ११ फेब्रुवारी

मामा,

आहे.

पाहुण्यांपैकी एक नाही. दातांचे डॉक्टर होते. एकटे आले होते, गळ्यात सतत कॅमेरा. बावीस जानेवारीला सकाळी बांगडीच्या बाहेरच्या कड्यावर गेलो होतो. मी पाहुण्यांना घेऊन वर आले. नऊजण दादाच्या होडीत बसले. बाकीचे जवळच होते, ते पोहत शिडीने बोटीवर चढले. डॉक्टर माझ्या मागे होते. मागे होते असं मला वाटलं. नेहमीसारखे मी बाराच्या बारा बिल्ले हिरव्या बाजूला टांगले. डॉक्टर कड्याच्या पलीकडे राहिले होते. कशाचा फोटो घेत होते कुणास ठाऊक.

दादाने होडीत नऊ मोजले. वर आला, फळी बघितली, सगळे हिरवे. त्याने कप्तानाला आवाज दिला, "सगळे आले." बोट निघाली. अडीच तासांनी जेवणाच्या टेबलावर एक ताट उरलं.

परत गेलो. प्रवाह फिरलेला होता. अंधार पडेपर्यंत, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. पायात घालायचं एक फिन सापडलं. नंबर बारा. ते दादानेच पाण्यातून काढलं आणि मांडीवर घेऊन होडीत बसून राहिला.

आता कंपनी म्हणते, डॉक्टरांनी वर येऊन स्वतः बिल्ला टांगला आणि न सांगता पुन्हा पाण्यात उतरले. आणि दादाने ते पाहिलं नाही, तरी सगळे आले म्हणून सांगितलं. दादाला बंदरात धरून ठेवलंय. वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, पाहुण्यांनी स्वतः टांगले. मी कप्तानाला सांगितलं, बिल्ला मी टांगला. ते म्हणाले, "तुला धक्का बसलाय. तुला तसं वाटतंय. जाऊन पड जरा."

मामा, मला तसं वाटत नाही. तो बिल्ला ओला नव्हता. पाहुणे स्वतः टांगायचे तेव्हा बिल्ल्यांना ओले हात लागलेले असायचे. माझ्या हातात बारा कोरडे बिल्ले होते आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही.

*

ता. २० फेब्रुवारी

चि. बदकास.

पत्र वाचून तसाच लिहायला बसलोय, अक्षर लागेल तसं लाव.

पहिली गोष्ट, तू जिवंत आहेस. दुसरी गोष्ट, तू कुणाला काही सांगू नकोस. एकदा सांगितलंस, त्याने ऐकलं नाही, तुझं काम झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, ते शहाण्यांचं. आपण तर साधी माणसं.

कप्तान शिकलेला माणूस आहे. तो म्हणतोय तुला धक्का बसलाय, तर बसला असेल. माणसाला वाईट घडलं की सगळं आपणच केलं असं वाटतं. तुझी मामी गेली तेव्हा मला वाटायचं, मी पाणी उशिरा दिलं म्हणून गेली. डॉक्टर म्हणाले तसं नाही. पण वाटायचं.

त्या होडीवाल्याचं मला वाईट वाटतं. पण सगळे आले असं ओरडला कोण? तो. त्याने बोटं लावून मोजायला हवं होतं. मोजायचं कामच त्याचं.

त्या दातांच्या डॉक्टरला मुलंबाळं होती का? हे विचारायचं नव्हतं. उत्तर देऊ नकोस.

मामा

*

ता. ३ मार्च

मामा,

त्यांना दोन मुली आहेत. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

दादाची केस अठ्ठावीस मार्चला बंदराच्या कोर्टात आहे. मी साक्ष देणार. पण नुसतं माझं बोलणं चालणार नाही. पाहुणे आपापल्या देशी गेले. त्यांचे जबाब कप्तानाने स्वतः लिहून घेतले, त्यात फळीचा शब्दही नाही. स्वयंपाक्याला विचारलं, तू रोज बघायचास ना मला बिल्ले टांगताना? म्हणाला, "मी कांदा चिरत असायचो ताई, डोळ्यांत पाणी." तुझी सगळी पत्रं चौकशीसाठी पाहिजेत म्हणून कप्तानाने माझ्या खोलीतून नेली. परत मागितली तर म्हणतात, कसली पत्रं?

म्हणून आता एकच कागद उरलाय. एकवीस डिसेंबरला मी तुला लिहिलेलं पत्र. त्यात मी लिहिलंय की बिल्ले मी टांगते, कप्तानाला माहीत आहे आणि त्यांनी असंच चालू दे म्हटलं. अपघाताच्या महिनाभर आधीची तारीख आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. दादाचे वकील म्हणतात, एवढं पुरे.

ते पत्र पाकिटासकट रजिस्टरने वकिलांच्या खालच्या पत्त्यावर पाठव. वीस तारखेच्या आत. माझं काय होईल हे मला माहीत आहे. परवाना जाईल, कदाचित आत जावं लागेल. ते माझं मी बघेन. दादा कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसतो. मला बघून म्हणाला, "मास्तरीण, तू सांगितलंस फळी बघत जा. बघितली."

*

ता. १४ मार्च

चि. बदकास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून सगळी खोली उलटी-पालटी केली. ट्रंक, गादीखाली, तुझ्या आईच्या फोटोमागे. ते पत्र सापडत नाही. जानेवारीत छपराच्या पाइपातून पाणी आलं होतं, त्यात पुष्कळ कागद भिजले, ते मी रद्दीवाल्याला देऊन टाकले. त्यातच गेलं असणार. त्यात काय लिहिलं होतंस तेही आता नीटसं आठवत नाही. वय झालं.

रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. तो म्हणतो, काका, जानेवारीची रद्दी आता कुठली, तिचे पुठ्ठेसुद्धा झाले असतील.

तेव्हा देवाच्या मनात तुझं वाईट नाही असं समज. साक्ष द्यायला जाऊच नकोस. आजारी पड.

मामा

*

ता. २ एप्रिल

मामा,

मी गेले. सांगितलं. कप्तान माझ्यानंतर उभे राहिले आणि वडिलांच्या सुरात म्हणाले, ही आमची सर्वांत गुणी मुलगी, अपघातापासून तिला झोप नाही, सगळा दोष स्वतःवर घेते. न्यायाधीशांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. मग वही दाखवली. माझं अक्षर.

दादाला अडीच वर्षं. होडीचा परवाना कायमचा गेला.

कंपनीने मला कायम केलं. पत्र हातात ठेवून कप्तान म्हणाले, "आता मागचं विसर." मी राजीनामा दिला. बंदरावर एका दुकानात टाक्या भरते. खालच्या पत्त्यावर लिही.

दादाची बायको मासळी विकते. तिच्याकडे गेले होते. तिने पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा मासळी साफ करायला बसली. निघताना म्हणाली, "तुम्ही खरं बोललात म्हणे. मग तो आत कसा?"

*

ता. १५ एप्रिल

चि. बदकास अनेक आशीर्वाद.

तू बाहेर आहेस हे वाचून मी जिन्यात बसलो. सायकलवाला धावत आला, त्याला वाटलं चक्कर आली.

राजीनामा द्यायला नको होता. पण दिलास तर दिलास. तू तुझं कर्तव्य केलंस, खरं सांगितलंस, न्यायाधीशाने ऐकलं नाही तर त्याला तू काय करणार? सुक्याबरोबर ओलं जळतंच. अडीच वर्षं म्हणजे काही जन्म नाही. आमच्या कारखान्यातला एक वेल्डर चार वर्षं आत होता, बाहेर येऊन त्याने दुकान टाकलं.

टाक्या भरताना काट्याकडे बघ. ते काम मला माहीत आहे, त्यात नजर हलवायची नसते. जेवत जा. इथे मी अजून आहे. संध्याकाळी खुर्ची खिडकीत घेतो आणि तुझं कासव बघत बसतो. तीनच पाय, तरी चाललंय बिचारं. तूही तशीच चाल.

तुझा मामा

*

ता. ३० एप्रिल

मामा,

कासव त्याच पत्राच्या मागे आहे. दुसरीकडे कुठेच मी ते काढलेलं नाही.

रद्दीवाल्याचे पुठ्ठे किती छान रंगवलेस. मी तुझ्यासाठी वाईट वाटून घेतलं होतं. म्हातारा माणूस, खोलीत पाणी शिरलं, आणि आपण त्याच्याकडे कागद मागतोय.

तुझी मूठ झाकलेली आहे आणि तिच्यात एक माणूस अडीच वर्षांसाठी आहे.

अपिलाची मुदत दहा जूनपर्यंत आहे. वकिलांचा पत्ता तुझ्याकडे आहे. पाठव. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

*

ता. १२ मे

चि. बदकास.

पाठवायला निघालो होतो, हे खरं आहे. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, पोस्टात रांगेत उभा राहिलो. कारकुनाने पाकीट तराजूवर ठेवलं आणि विचारलं, "साधं की रजिस्टर?" मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, आटपा." मी पाकीट उचललं आणि घरी आलो.

मग ते जाळलं. शेगडीवर, चहाचं आधण उतरवून. तुला खोटं सांगितलं तेव्हा ते ट्रंकेत होतं. आता खरोखरच नाही. पोस्टात गहाळ झालं असं लिहिता आलं असतं. पण एकदा पकडला गेलो, आता तुला खोटं लिहवत नाही.

जाळण्याआधी वाचलं. वाचायची गरज नव्हती, पाठ आहे. एकवीस डिसेंबर. "माणसं वर येताना दिसली की मीच बाराच्या बारा बिल्ले हिरव्या बाजूला टांगते." मग त्या मुख्याध्यापिका बाईंचे गुडघे. मग कप्तान, "असंच चालू दे, या वेळी एकही तक्रार नाही." मग वहीत पाहुण्यांनी स्वतः टांगले असं लिहायचं ते. तुला वाटतं मी ते नुसतं लपवलं. मी ते रोज वाचलं. कारण त्यात पहिलंच वाक्य आहे, "तुझं ऐकलं." दोन डिसेंबरला मी तुला लिहिलं नसतं की दुसऱ्यांचे बिल्ले टांग, तर तो दातांचा डॉक्टर घरी असता. मला ते कळतं. चौथी पास माणसालाही एवढं कळतं.

पण तुला आत जाताना मी बघू शकत नाही. त्या होडीवाल्याला बघू शकतो, कारण तो मला दिसत नाही. हे वाईट आहे. पण आहे ते असं आहे. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन, म्हणून क्षमा मागत नाही. क्षमा मागितली तर तेही खोटंच व्हायचं.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. तुला वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण पाकीट परत पाठवू नकोस. पोस्टमनसमोर कसंतरी होतं.

तुझा मामा

*

ता. २६ मे

मामा,

तुझं बारा मेचं पत्र मी वकिलांना दिलं.

त्यांनी ते तीन वेळा वाचलं. म्हणाले, जळालेल्या पत्रापेक्षा जाळणाऱ्याची साक्ष भारी. तारीख, मजकूर, कप्तानाचं वाक्य, वहीत काय लिहायचं ते, सगळं तू तुझ्या हाताने लिहून खाली सही केली आहेस. अपील दाखल झालं. चौदा जूनला तुला बोलावतील. समन्स घेऊन माणूस येईल, त्याच्यापुढे आजारी पडू नकोस.

तिथे तुला विचारतील, हे अक्षर तुमचं का. मग विचारतील, पत्रात असं होतं का. कप्तान तुझ्यासमोरच बसलेले असतील, पांढऱ्या कपड्यांत. फार गोड बोलतात. तू नाही म्हणालास तर दादा आतच राहील आणि मी बाहेर राहीन, तुला हवी तशी. हो म्हणालास तर तो सुटेल आणि मला धरतील, आणि ते तुला तिथे बाकावर बसून बघावं लागेल. बघू शकत नाही असं तू लिहिलंयस. बघावं लागेल.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचं. अंदाजाने मान हलवायची नाही. तुला ती सवय आहे.

तिकीट सोबत आहे. खिडकीजवळची जागा घेतली आहे, मधे बसलास की तुला मळमळतं म्हणून. त्याचा दुसरा काही अर्थ लावू नकोस.